अंगठ्यापुढे बोटभर जागा

मंगळवार, १ एप्रिल

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आज मला नोकरी लागली. तारीख पाहून माझ्या बायकोला, शामलाला, वाटलं, मी थट्टा करतोय. खरंच लागली म्हटल्यावर तिने फक्त विचारलं, "डबा किती वाजता पायजे?" बर्डीच्या बाजारातल्या 'सुखचरण फूटवेअर'मध्ये मी चौतीस वर्षं होतो, तेव्हाही ती एवढंच विचारायची. दिवाळीनंतर दुकान बंद झालं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तेव्हापासून मी घरी. या पाच महिन्यांत मी घरातल्या सगळ्या चपला जोडीने लावून ठेवल्या, मग जिन्यातल्या शेजाऱ्यांच्याही लावल्या. शेजाऱ्यांनी सोसायटीत लेखी तक्रार दिली. तेव्हा नोकरी लागली हे सगळ्यांच्याच दृष्टीने बरं झालं.

कामठी रोडवर कापसाच्या जुन्या गोदामात सौरव नावाच्या मुलाने एक भिंत बांधली आहे. लोकांनी तिच्यावर चढायचं. वर काय आहे, असं मी विचारलं. "काही नाही काका," तो म्हणाला, "वर गेलं की खाली उतरायचं." बरं. भिंतीला रंगीत बटाट्यांसारखे गोळे ठोकले आहेत आणि खाली जाड गाद्या आहेत. चढायचे बूट वेगळे असतात, ते तिथेच मिळतात, आणि त्या बुटांच्या काउंटरवर उद्यापासून मी.

सौरवने मला बघताक्षणी ओळखलं. त्याच्या पायात शाळेचा पहिला बूट मीच चढवला होता, त्याचे वडील त्याला घेऊन आले होते. वडील आता नाहीत. तो माझ्या पाया पडला. मी त्याला सांगितलं, चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही माणूस चावरा बूट घेऊन घरी गेलेला नाही. माझी रीत साधी. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवायची, गिऱ्हाइकाला चार पावलं चालवायचं आणि विचारायचं, कुठे चावत तर नाही ना? "नाही, बरोबर आहे" असं उत्तर आलं की मगच खोका बांधायचा.

गुरुवार, ३ एप्रिल

सौरव गोळे आणायला पुण्याला गेला आहे. मी एकट्याने बूट तपासले. चाळीस जोड, आणि चाळीसही बिघडलेले! पुढून कारल्यासारखे खाली वाकलेले, टोक एका बाजूला कलंडलेलं, आत बोटं सरळ ठेवायला जागाच नाही. कंपनीने पोराला ढळढळीत फसवलं आहे. बिचाऱ्याला बाप नाही, सांगणार कोण.

दुकान बंद झालं तेव्हा मी बूट सैल करायचे लाकडी फर्मे घरी आणले होते. शामला म्हणाली होती, याचं लोणचं घालायचं का. आज ते सगळे पिशवीत भरून नेले. बूट ओल्या फडक्यात गुंडाळायचा, फर्मा आत सारायचा आणि स्क्रू फिरवत राहायचा. बूट कुरकुरतो, पण ऐकतो. रविवारपर्यंत सगळे होतील.

सोमवार, ७ एप्रिल

सौरव आला. काउंटरवर चाळीस जोड सरळ, सपाट, ऐसपैस रांगेत मांडलेले.

"काका, हे… सगळे?"

"सगळे."

"चाळीसही?"

मग तो गादीवर बसला आणि त्याने पाणी मागितलं. पोरगा भारावून गेला होता. आभार मानायची काही गरज नाही, असं मी त्याला स्वतःच सांगून टाकलं. तो म्हणाला, "नाही काका, मी काही म्हणूनच नाही राहिलो."

शुक्रवार, ११ एप्रिल

मी प्रत्येकाला त्याच्या मापापेक्षा एक नंबर मोठा बूट देतो. सगळे खूश आहेत. एक बँकेतल्या मॅडम दुसऱ्याच गोळ्यावरून घसरून गादीवर पडल्या. मी धावत जाऊन विचारलं, बूट चावतो का? त्या म्हणाल्या, छे, अजिबात नाही. म्हणजे दोष बुटाचा नाही.

इथे एक पायल म्हणून मुलगी येते. एकोणीस वर्षांची, कन्हानची, रोज शेअर ऑटोने कामठी आणि तिथून बसने इथवर. हिच्यासारखं चढणारं इथे कोणी नाही. हाताला पांढरी भुकटी लावते आणि पाल चढावी तशी चढते. ११ मे रोजी याच भिंतीवर निवड चाचणी आहे. आपल्या विभागातून एकच मुलगी राज्याच्या शिबिराला जाणार. पायलच्या आईने तिला सांगून ठेवलं आहे, या वर्षी निवड झाली तर ठीक, नाहीतर बी.एड. पायल बी.एड.ला इतकी का भिते कोण जाणे, पण कोणी ते नाव काढलं की ती दोन गोळे जास्त चढते.

आज मी तिचा बूट हातात घेतला आणि मला घामच फुटला. पोरीचा पाय सहाचा आणि बूट पाचाचा! तेही स्वतःचा, पदरचा. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं.

"पोरी, हे काय करून ठेवलं वं?"

"काका, असेच घालतेत."

"कोणं सांगितलं?"

तिने सौरवकडे पाहिलं. सौरवने छताकडे पाहिलं. मी तो बूट जप्त केला, फर्म्यावर चढवला आणि तिला सातचा दिला, पुढे कापूस टाकून. चार पावलं चालवलं. चावत तर नाही ना, असं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "नाही काका. बरोबर आहे." आज मला शांत झोप लागणार.

सोमवार, १४ एप्रिल

भीमजयंती. भिंत बंद होती. पायल दुपारी घरी आली, आईने केलेली बुंदी घेऊन. तिची आई भीमाबाई खाणीच्या कँटीनात पोळ्या करते. पायलची आणि शामलाची लगेच गट्टी जमली. दोघी उंबऱ्यात बसून पाय पुढे पसरून काहीतरी मापत होत्या आणि हसत होत्या. मी बुंदी खात होतो, लक्ष दिलं नाही.

"काकू, संध्याकाळी रोषणाई पाहाले चला ना," पायल म्हणाली. शामला नाही म्हणाली. तिला चालायचा पहिल्यापासून कंटाळा. लग्नानंतर मी हौसेने फुटाळा तलावावर फिरायला न्यायचो, तर ही चपला काढून बाकावर बसून राहायची. माणसाचा स्वभाव असतो एकेक.

शनिवार, १९ एप्रिल

ऊन चव्वेचाळीसवर गेलं आहे. अशा उन्हात रबर सुकतं आणि तडकतं, हे मला कोणी शिकवायला नको. आज सगळ्या बुटांच्या तळव्यांना खोबरेल तेलाचा हात दिला, वर पॉलिश मारलं. तळवा असा चमकला की त्यात मला माझा चष्मा दिसला.

संध्याकाळी मात्र भिंतीचं काहीतरी बिघडलं. जो चढेल तो खाली. एक गृहस्थ अर्ध्यावर गेले आणि तिथून बसल्या बसल्या खाली आले, चेहऱ्यावर काही न कळल्याचा भाव. सौरवने सगळे गोळे काढून साबणाने धुतले, पुन्हा ठोकले. तरी तेच. मी म्हटलं, "सौरव, भिंतीचं तोंड दक्षिणेकडे आहे, पाह्यलं का तू?" त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या तेलाच्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असू शकते काका," तो हळूच म्हणाला.

भिंतीपुढे नारळ फोडला. सौरवने हात जोडले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. श्रद्धाळू मुलगा आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

सौरवने गिऱ्हाइकांसाठी एक फलक छापून आणला आणि माझ्या काउंटरवर, अगदी माझ्या नाकासमोर लावला. 'बूट निवडताना आणि जपताना.' मी वाचला. चुका फार आहेत.

पहिलं: 'बूट घट्ट असावा, बोटं किंचित मुडपलेली असावीत.' छपाईत गडबड झाली असणार. मी लाल पेनने 'घट्ट' खोडून 'ऐसपैस' केलं.

दुसरं: 'तळव्याला तेल, पॉलिश, काहीही लावू नये.' याच्यापुढे मी लिहिलं, 'काउंटरवर लावून मिळेल.'

तिसरं: 'उन्हात वाळवू नये, गोंद सुटतो.' हे मात्र थोडं बरोबर आहे. मंगळवारी मी बूट धुवून गोदामाच्या पत्र्यावर टाकले होते, तर सहा जोडांनी मगरीसारखे जबडे उघडले. सोल्युशन लावून बसवले. मी लिहिलं, 'पत्र्यावर दोन तास पुरे.'

चौथं: 'चढून झाल्यावर बूट लगेच काढावा, आत वारं लागू द्यावं.' हे पटलं. खाली सही केली.

सौरव संध्याकाळी फलकासमोर उभा राहून वाचत होता. मी विचारलं, बरोबर आहे ना? "बरोबर आहे काका," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बराच वेळ गेटजवळ उभा राहिला.

बुधवार, ३० एप्रिल

पायलचं काही खरं दिसत नाही. तीन आठवड्यांपूर्वी सरसर वर जायची, आता तिसऱ्या गोळ्यावरून पडते. उठते, पुन्हा जाते, पुन्हा पडते. टाचांना मोठाले फोड आले आहेत. अशक्तपणा. मी शामलाकडून शेंगदाण्याचे लाडू करवून घेतले आणि तिला जवळ बसवून दोन खाऊ घातले. खाताना ती रडायला लागली. लाडू शामलाचे चांगलेच असतात, पण इतके?

"काका," ती म्हणाली, "माहे जुने बूट…"

"त्याची काळजी करू नको. दीड नंबर मोकळे केले त्याईले. आता आयुष्यात नाही चावणार."

तिने मान हलवली आणि उरलेला लाडू पिशवीत ठेवला.

सौरवलाही माझी फार काळजी. म्हणाला, "काका, ऊन लय आहे, चाचणीपर्यंत दहा-अकरा दिवस घरी आराम करा ना." असं पोटच्या मुलानेही म्हटलं नसतं. मी त्याला सांगितलं, उलट आता मी रविवारीही येतो.

रविवार, ४ मे

आज भीमाबाई आली. पायलची आई. पोरीच्या टाचा पाहून ती कन्हानहून पहिल्या बसने निघाली होती. तिने कोणाला नमस्कार केला नाही. काउंटरवरचा एक बूट उचलला, उलटा केला, तळव्यावरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"हे तं खोबरेल तेल आहे!"

"हो ताई, रबर तडकू नये म्हणून."

"भाऊ, माही पोरगी भिंतीवर चढून राहिली का सणाची वेणी घालून राहिली?" मग तिने तो सातचा बूट पायलच्या पायात घालून गदागदा हलवला. आत पाय मडक्यातल्या चमच्यासारखा वाजला. "या बुटात माहा आख्खा स्वयंपाक मावते! तुमीच पाडून राहिले तिले, दुसरं कोणी नाही. अन् हे सारे तुमच्या वयाले भिऊन गप आहेत."

मी सौरवकडे पाहिलं. तो फलकाकडे बघत होता. मी पायलकडे पाहिलं.

"पायल, तू तं म्हटलं होतं, बरोबर आहे?"

ती म्हणाली, "काका, तुमी एवढ्या मायेनं विचारलं. नाही कसं म्हणू?"

भीमाबाई म्हणाली, "माहं कपाळ!" आणि पोरीला घेऊन गेली. फोड बसेपर्यंत, म्हणजे शुक्रवारपर्यंत, ती बूट घालणार नाही. चाचणी त्यानंतर दोन दिवसांनी. मी जेवलो नाही. शामलाने ताट झाकून ठेवलं.

सोमवार, ५ मे

भिंतीची सुट्टी. मी आणि सौरव दोघेच. मी म्हटलं, मला स्वतःला बघायचं आहे. माझा पाय आठचा. आधी मी नऊचा तेल लावलेला ऐसपैस बूट घालून पहिल्या गोळ्यावर पाय ठेवला आणि गादीवर आलो. पाच वेळा. मग तळवा ओल्या फडक्याने चांगला पुसला, सहाचा, फर्म्यावर सैल केलेला बूट घेतला आणि पाय आत कोंबला. आई गं! एवढा चावरा बूट मी शत्रूलाही दिला नसता. पण गोळ्यावर अंगठा टेकला आणि तो तिथेच राहिला. दुसरा टेकला, तोही राहिला. बूट जितका मला चावत होता तितकाच त्या गोळ्यालाही चावत होता.

चौथ्या गोळ्यावर गेलो आणि खाली पाहिलं. मग मला हलता येईना. एकसष्टाव्या वर्षी, कापसाच्या गोदामात, भिंतीला मिठी मारून मी लटकलो होतो.

खालून सौरव म्हणाला, "काका, आता सांगू का?"

"काय?"

"तुमचं तोंड तिकडे आहे, म्हणून बोलता येऊन राहिलं मले. काका, ते बूट वाकडेच असतेत. मुद्दाम वाकडे करतेत. तुमी चाळीसही जोड खराब केले. भिंतीचं तोंड उत्तरेकडे आहे. तो फलक गिऱ्हाइकासाठी नव्हता, तुमच्यासाठी होता. महिनाभर मले झोप नाही."

"काहून नाही सांगितलं गा?"

"तुमी माह्या पायात पहिला बूट घातला. बाबा म्हणायचे, सुखचरणवाले काका म्हणतीन तेच खरं. मी काय बोलू?"

मी भिंतीकडे बघत रडलो. मग पडलो. गादी चांगली जाड आहे.

मंगळवार, ६ मे

दिवसभर आम्ही दोघांनी तळवे पुसले. तेल निघालं, पण फर्म्याने गेलेला आकार परत येत नाही. चौतीस वर्षं बूट मोठे केले, लहान कसा करायचा ते मला माहीत नाही. पायलचा जुना जोड आता माझ्याही पायात शिरतो.

मागच्या कपाटात एक न उघडलेला खोका सापडला. पाचाचा, कोरा, कारल्यासारखा वाकडा. मी तो छातीशी धरला. पण नवा बूट फळीसारखा कडक असतो, तीन-चार दिवस कोणाच्या तरी पायात राहून त्याने पायाची ओळख करून घ्यायला हवी. पायलच्या टाचांना शुक्रवारपर्यंत बंदी. पाचाचा पाय कुठून आणायचा?

संध्याकाळी घरी आलो, दाराशी शामलाच्या चपला दिसल्या. पाचाच्या! नेहमी पाचाच्याच असतात. दुकानात मांडणीवर ठेवायचा लेडीज जोड पाचाचा असतो, आणि मांडणीवरून उतरला की तो मला मिळायचा. तीस वर्षं शामलाला मी बाहेरून एक चप्पल घेऊ दिली नाही.

मी खोका तिच्यापुढे ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "पोरीसाठी ना? द्या." आणि एका झटक्यात दोन्ही पाय आत. जिथे मी आई गं म्हणालो तिथे ती म्हणाली, "कुकर लावते."

शुक्रवार, ९ मे

तीन दिवस शामला चढाईचे बूट घालून घरात वावरते आहे. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराचा प्रश्न आला. ती म्हणाली, नवे आहेत, जमिनीला लागलेले नाहीत, चालतात. देवघरापुरते काढले. दुसऱ्या दिवशी ती ते घालून दळण आणायला गेली. चक्कीवाल्याने विचारलं, काकू, हे काय? ती म्हणाली, डॉक्टरने सांगितलं. काल मी घरी आलो तर ती ओट्याच्या कडेवर एक पाय आणि खिडकीच्या पट्टीवर दुसरा टेकून माळ्यावरची बरणी काढत होती. स्टूल बाजूला तसंच.

"चावतात का?" मी आज विचारलं.

"चालते."

"बघ, पाचाचा पाय असल्याचा हा फायदा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "हो" म्हणाली आणि पोळी लाटायला लागली. बूट आता पिठाने पांढरे झाले आहेत, पण कमरेतून, म्हणजे मधल्या भागात, छान नरम पडले आहेत. ओल्या फडक्याने पुसले, सावलीत वारं दिलं. काही लावलं नाही.

रविवार, ११ मे

निवड चाचणी. अकरा मुली, बाहेरून आलेले तीन पंच, आणि पहिल्या रांगेत भीमाबाई. पहाटेपासून मी घरातल्या चपला तीनदा जोडीने लावल्या. ही मुलगी हरली असती तर ती माझ्यामुळे हरली असती. बी.एड. वाईट नाही, पण माझ्या हातून नको.

मी जमिनीवर बसलो, पायलचा पाय मांडीवर घेतला आणि बूट चढवायला लागलो. ती टॉवेल दातांत धरून बसली. "काका, लय चावून राहिला!" ती टॉवेलातूनच म्हणाली. मी जन्मात कधी केलं नाही ते केलं, पट्टा आणखी एक बोट ओढला.

पहिल्या तीन चढाया तिने केल्या, दुसऱ्या दोघींनीही केल्या. चौथीत एक गोळा सुपारीएवढा होता. आधीच्या दोघी तिथेच पडल्या. पायलने त्यावर अंगठा ठेवला. तो हलला नाही. तिने सगळं अंग त्या अंगठ्यावर उभं केलं आणि वरचा गोळा दोन्ही हातांनी धरला. भीमाबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की एका पंचाची शिट्टी खाली पडली.

पायल निवडली गेली. खाली येताच तिने बूट ओरबाडून काढले. बोटं लालभडक, एकमेकांवर चढलेली. मी हसत म्हटलं, "नाजूक आहे वं तू. तुह्या काकूनं तीन दिवस घातले, हूं नाही का चूं नाही."

पायल पाय चोळता चोळता थांबली. "काका, काकूचा पाय पाचाचा नाही. माह्याएवढा आहे. जयंतीच्या दिवशी आमी बाजूबाजूले ठेवून पाह्यला ना."

आजूबाजूला लोक टाळ्या वाजवत होते. सौरव माझा हात धरून काहीतरी म्हणत होता. मी गादीवर बसून राहिलो.

घरी आलो. शामलाला खुर्चीवर बसवलं, म्हटलं, पाय दे. ती म्हणाली, "काय झालं अवो? निवड झाली ना पोरीची?" झाली म्हटलं, आणि मापाच्या पट्टीवर तिचा पाय ठेवला. सहा. अंगठ्याशेजारची दोन बोटं आत वळलेली, करंगळीवर जुनं कुरूप. हजारो लोकांचे पाय मी मांडीवर घेतले. हा कधी घेतला नव्हता.

"काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं होतं ना. लग्नाच्या वर्षी. पहिला जोड आणला तेव्हा."

"मग?"

"मी म्हटलं, बरोबर आहे. नवी नवरी काय म्हणीन?"

"अन् नंतर?"

"नंतर तुम्ही विचारलंच नाही."

मला तिथेच रडू आलं. ती म्हणाली, "रडता काय, चहा घ्या." मग मी चौतीस वर्षांतल्या एकेका गिऱ्हाइकाचा चेहरा आठवत बसलो. सगळे 'बरोबर आहे' म्हणाले होते. त्यांतले किती खोका काखेत मारून लंगडत घरी गेले असतील, देव जाणे.

मंगळवार, १३ मे

आज शामलाला घेऊन बर्डीवर एका दुसऱ्याच दुकानात गेलो, गिऱ्हाईक म्हणून. काउंटरवर एक मुलगी होती. शामला म्हणाली, पाचाची दाखवा. सवय. मुलीने शामलाच्या पायात चप्पल घातली, तिला चार पावलं चालवलं. मुलगी कामात चांगली होती. तिने वाकून, मायेने विचारलं, "काकू, कुठे चावत तं नाही ना?"

शामलाने त्या मुलीकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "नाही गं बाई. बरोबर आहे."

मी म्हटलं, "सहाची काढ."